देवघरातला हस्तिदंती वेणुगोपाळ : जुन्या नाशकातल्या एका वाड्याचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका शाळासोबत्याच्या घरातलं आहे. घरच्यांना विचारूनच लिहितोय, पण नावं, आळी, आडनाव काही देत नाही आणि एकदोन बारीक तपशील मुद्दाम बदललेत. माझं काम म्हणाल तर जुने वाडे बिल्डरकडे जायच्या आधी आतल्या वस्तूंचे फोटो काढायचे, मापं घ्यायची आणि वाटणीसाठी यादी करून द्यायची. पितळी समया, पाणी तापवायचे बंब, सागवानी फडताळं, झोपाळ्याच्या कड्या, हेच जास्त असतं. हस्तिदंत त्याआधी एकदाच आला होता हातात, तोही खरं तर उंटाचं हाड निघालेला.

पार्श्वभूमी

वाडा जुन्या नाशकातला, दोन चौकी, मागची भिंत पडायला आलेली. माझ्या मित्राचे वडील १० जुलै २०२३ ला गेले. मागे काकू, म्हणजे मित्राची आई, वय ८१, आणि तीन मुलं. थोरली ताई पुण्याला, मधला माझा मित्र नाशकातच, धाकटा बंगळुरूला. रीडेव्हलपमेंटचं बोलणं वडील असतानाच झालेलं होतं, ते गेल्यावर बिल्डरने घाई सुरू केली. वर्षाच्या आत असल्यामुळे त्या गणपतीला गाजावाजा नव्हता, नुसती दीड दिवसाची मूर्ती आणली, पण सगळे एकत्र येणार म्हणून त्याच दिवसांत सामान बघून घेऊ असं ठरलं आणि मला बोलावलं. १९ सप्टेंबर, गणेशचतुर्थी. वडिलांना जाऊन ७१ दिवस झाले होते. हा आकडा तेव्हा कोणीच मोजला नव्हता, पुढे मात्र रोज मोजायला लागला.

देवघरात टाक, बाळकृष्ण, शाळिग्राम, अन्नपूर्णा आणि त्यांच्या मागे साधारण वीतभर उंचीचा, पिवळट रंगाचा मुरलीधर. घरात त्याला 'हाडाचा कृष्ण' म्हणायचे. कुठून आला हे कोणाला धड माहीत नव्हतं, 'आजोबांनी यात्रेहून आणला' एवढंच. काकू लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे साठेक वर्षं, रोज त्याला इतर देवांबरोबर ताम्हणात घेऊन स्नान घालत होत्या, जन्माष्टमीला दूध-दही-मधाने, आणि वर महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात.

मी तो उचलला आणि वजनावरूनच थबकलो. हाताला गार लागला, पितळेसारखा नाही, पण प्लास्टिकसारखा कोमटही नाही.

मूर्ती काय सांगत होती

इथे जरा रेंगाळतो, कारण पुढचे सगळे निर्णय याच्यावर झाले.

मूर्ती १८ सेंटीमीटर, खाली शिसवी लाकडाची वेगळी बैठक. वेणुगोपाळ त्रिभंगात उभा. मान एकीकडे, कंबर दुसरीकडे, गुडघा परत पहिल्या बाजूला. दगडात किंवा पितळेत त्रिभंग हवा तसा काढता येतो, सुळ्यात नाही. सुळा स्वतःच वाकडा असतो आणि कारागिराला त्या वाकाच्या आतच मूर्ती शोधावी लागते. बाजूने धरून बघितलं की टाचेपासून मुकुटापर्यंत एकच सलग कमान दिसत होती, म्हणजे त्या माणसाने सुळ्याचा वाक तसाच कृष्णाच्या पाठीचा वाक म्हणून वापरला होता आणि कंबर-मानेचे दोन छोटे बाक तेवढे त्याच्या आत कोरले होते. मटेरियल कमीत कमी वाया. पांढऱ्या सोन्यासारखा तो माल, भुसासुद्धा फेकवत नसेल.

सुळा मुळाकडे पोकळ असतो आणि टोकाकडे भरीव. म्हणून अशी भरीव उभी मूर्ती बहुतेक टोकाकडच्या भागातून निघते आणि तिची जाडी सुळ्याच्या जाडीपलीकडे जाऊ शकत नाही. बासरी धरलेल्या हातांची कोपरं तर बाहेर येणारच. मग काय करायचं? दोन्ही हात वेगळे कोरून खांद्याच्या दंडवाकीखाली बारीक खुंटीने बसवलेले. सांधा वाकीच्या नक्षीत इतका बेमालूम लपवलाय की मला तो भिंगाशिवाय दिसला नाही, आणि मी अशा सांध्यांच्याच शोधात असतो. पीतांबराच्या निऱ्या खालून पोखरून काढलेल्या, त्यांच्यामागे उजेड धरला की कडा मधासारख्या चमकतात. डोळ्यांच्या बाहुल्या काळ्या लाखेने भरलेल्या. बासरी मात्र चांदीच्या तारेची, मूळची कधीतरी हरवली असणार आणि आपल्याच सराफ बाजारातल्या कोणीतरी ही करून दिली असणार, कारण टोकाला बारीक गोंडासुद्धा केलाय, नाशिकच्या चांदीवाल्यांना राहवत नाही.

ताई म्हणाली, 'हे चायनीज बिनीज नाही ना? आपल्याकडे कुठे होती ही कला?' तेव्हा बोलता बोलता बरंच निघालं. सांचीच्या दक्षिण तोरणावर लेखच आहे की हे रूपकाम विदिशेच्या दंतकारांनी केलं, म्हणजे सुळे कोरणाऱ्यांनी दगड कोरला, आणि ते तोरण बघितलं की पटतंही, इतकं बारीक काम दगडवाल्याच्या हाताला सुचत नाही. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिच्याच घराण्यातली म्हणावी अशी मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाली, ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. जालन्याकडच्या भोकरदनच्या उत्खननातही तशीच एक निघाली. म्हणजे ही कला आपल्या मराठवाड्याच्या मातीतून वर आलेली आहे. अलीकडच्या काळातली नावाजलेली ठिकाणं म्हणजे मुर्शिदाबाद, म्हैसूर, त्रावणकोर, दिल्ली, विशाखापट्टण. मुर्शिदाबादवाले दुर्गा, मयूरपंखी नाव, अंबारीचे हत्ती करायचे आणि शेवटची झिलई माशाचे खवले आणि खडूने द्यायचे. त्रावणकोरच्या महाराजांनी व्हिक्टोरिया राणीला हस्तिदंती सिंहासन पाठवलं होतं, ते १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडलं होतं. विशाखापट्टणचं काम पेट्या आणि फर्निचरचं. आमचा वेणुगोपाळ मला दक्षिणेकडचा वाटत होता, मुकुटाच्या घडणीवरून. पण वाटणं वेगळं आणि कागद वेगळा.

प्रश्न

पहिला प्रश्न, हे खरंच हस्तिदंत आहे का. दुसरा, असेल तर घरात ठेवणं कायद्यात बसतं का. तिसरा, तो कोणाचा. घरच्यांच्या डोक्यात हा क्रम बरोबर उलटा होता. आधी कोणाचा, मग केवढ्याचा, आणि कायदा तर यादीतच नव्हता.

मी यायच्या आदल्याच दिवशी दोन गोष्टी होऊन बसल्या होत्या. धाकट्याने कुठलातरी व्हिडिओ बघून तापवलेली सुई मूर्तीच्या तळाला टोचली होती. काळा ठिपका पडला, केस जळल्यासारखा वास आला आणि तो म्हणाला 'ओरिजनल'. या टेस्टने प्लास्टिक बाजूला पडतं एवढंच, हाड आणि हस्तिदंत दोघांनाही जळताना तसाच वास येतो, म्हणजे डाग कायमचा आणि उत्तर अर्धवट. दुसरं म्हणजे ताईच्या मुलाने, वय २२, फोटो काढून जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर टाकला होता, 'अँटिक आयव्हरी कृष्णा, १०० इयर्स प्लस' म्हणून. त्यावर मुंबईच्या एकाचा साडेतीन लाखांचा मेसेज आला होता, वर 'कॅश, बिल नको'. घरात त्या आकड्याने हवा भरली होती, तीन वाटण्यांचा हिशोबसुद्धा झाला होता.

मी विचारलं, 'तो फोटो अजून आहे का वर?' आहे म्हणाला. आधी काढायला लावला.

कारण असं की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्ती १९७७ पासून पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने बाहेरून आणलेल्या आफ्रिकन हस्तिदंताचाही. २००३ साली सुप्रीम कोर्टाने तर बर्फातून निघणाऱ्या मॅमथच्या सुळ्यालाही या बंदीतून सूट दिली नाही. विकणं सोडा, विकायला काढणंसुद्धा गुन्ह्यात येतं आणि शिक्षा ३ ते ७ वर्षं. आणि '१०० वर्षं जुनं असलं की अँटिक, मग चालतं' ही जी समजूत आहे ना, ती परदेशातल्या नियमांवरून आलीय. अमेरिकेत शंभरीच्या वस्तूला काही सवलत आहे, ब्रिटनच्या २०१८ च्या कायद्यात १९१८ पूर्वीच्या अगदी दुर्मीळ कलावस्तूंना आहे. आपल्याकडे विक्रीसाठी वयाची सूट नाही. शंभर वर्षांचा आकडा आपल्याकडे येतो तो पुरावस्तूंच्या कायद्यात, तो कायदा वेगळा, आणि तो लागू झाला तर बंधनं वाढतात, कमी होत नाहीत.

भाच्याचा चेहरा पडला. काकू आतून म्हणाल्या, 'देव विकायला काढला होता होय रे तुम्ही?' त्यांना हे तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

हाड की हस्तिदंत

त्याच संध्याकाळी मूर्ती शिसवी बैठकीवरून अलगद काढली. सराफ डोळ्याला लावतात ते भिंग मित्राच्या ओळखीने आणलं. हाडात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात, आडव्या कापावर त्या काळसर टिंबांसारख्या आणि बाजूने तुटक रेघांसारख्या दिसतात. इथे तसं काहीच नव्हतं. तळाच्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या वळणदार रेषांची जाळी होती, दोन दिशांनी फिरणारी, याला श्रेगर रेषा म्हणतात, आणि मधोमध सुईच्या टोकाएवढं एक गडद टिंब, सुळ्याच्या गाभ्यातून टोकापर्यंत जाणारी नस ती. सेल्युलॉइडच्या नकली मालात रेषा असतात पण त्या आखल्यासारख्या समांतर, जाळी जमत नाही त्यांना.

मग तळाचा फोटो मोठा प्रिंट केला आणि भाच्याच्याच जुन्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने बाहेरच्या कडेजवळच्या रेषांचे कोन मोजले. हत्तीत हे कोन साधारण ११५ अंशांच्या वर जातात, मॅमथमध्ये ९० च्या खाली. आमचे सहाच्या सहा ११५ च्या वर. आशियाई की आफ्रिकन हे यावरून कळत नाही, त्याला डीएनए लागतो. मुंबई बंदरात झांजिबारकडून येणारा सुळ्यांचा माल एकोणिसाव्या शतकात प्रचंड होता आणि आपले कारागीर तो आवडीने वापरायचे, त्यामुळे दक्षिणेतलं काम म्हणून सुळा इथल्याच हत्तीचा असं काही धरता येत नाही.

तळावर अजून एक गोष्ट दिसली, कडेला फिकट हिरवट छटा. मला आधी रंग वाटला. मग लक्षात आलं की साठ वर्षं तांब्याच्या ताम्हणात ओली मूर्ती ठेवली जात होती, तांब्याचा क्षार आत शोषला गेलाय. पाठीवर उभ्या दोन भेगा होत्या, त्याही रोज भिजवून वाळवण्याच्या. हस्तिदंत पाणी पितो, फुगतो, वाळला की आक्रसतो आणि धाग्याच्या दिशेने फाटतो. हे काकूंना कसं सांगायचं हा माझ्यापुढे वेगळाच प्रश्न होता, तेव्हा नाही सांगितलं.

पर्याय

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी विसर्जन आटोपून माजघरात सगळे बसले. चर्चा चार तास चालली, त्यातलं अर्धं जुन्या मानापमानांचं होतं, ते सोडून देतो.

गुपचूप विकणं हा पर्याय खरं तर बाद झाला होता, तरी धाकटा एकदा म्हणालाच की कॅश देतोय ना, कोणाला कळतंय. ताईने त्याला सरळ विचारलं की उद्या तो माणूस पकडला गेला तर त्याच्या फोनमध्ये कोणाचा नंबर निघेल? विषय संपला.

गुपचूप ठेवणं. हा सगळ्यांना मनातून आवडलेला पर्याय होता आणि नाशकातल्या किती देवघरांत आज तो चालू असेल देव जाणे. एवढी वर्षं कोणी विचारलं नाही, पुढेही नाही विचारणार. पण वाडा पडणार होता, सामान टेम्पोत जाणार होतं, आणि मुख्य म्हणजे ॲपवर फोटो पडून गेला होता. धाकट्याला मूर्ती बंगळुरूला न्यायची होती, म्हणजे एअरपोर्टचं स्कॅनिंग आणि राज्याबाहेर वाहतूक, दोन्ही.

गोदावरीत विसर्जन. हे काकूंच्या भावाने, मामांनी सुचवलं. मूर्तीला भेगा आहेत, भंगलेली मूर्ती पुजायची नसते, रामकुंडावर सोडून द्या, सुटाल. ऐकायला सोपं वाटतं, पण हस्तिदंत काही शाडूसारखा विरघळत नाही. रामकुंडात पैसे-दागिने शोधायला पोरं चाळण्या घेऊन बसलेली असतात, तासाभरात वर आला असता आणि मग तो कोणाच्या हातात पडला असता! शिवाय कायद्याच्या नजरेत ती वस्तू लपवल्यासारखंच झालं असतं. माझ्या पोटात गोळा आला होता तो वेगळ्याच कारणाने, त्या खांद्याच्या सांध्यासाठी.

संग्रहालयाला देणं. ताईला हे पटत होतं, पुण्यात केळकर संग्रहालयात हस्तिदंती वस्तू तिने बघितलेल्या. पण आपल्याकडे मालकीचा कागदच नाही तर देणार काय आणि ते घेणार कसं.

शेवटचा, वारसाने आली म्हणून वन खात्याकडे जाहीर करणं. कायद्याच्या कलम ४० मध्ये २००२ च्या दुरुस्तीने हे आलंय की अशी वस्तू वारसाने मिळाली तर मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं जाहीर करायचं, मग चौकशी होऊन मालकीचं प्रमाणपत्र द्यायचं की नाही ते ठरतं. अडचण अशी की आजोबांनी १९७२ च्या कायद्यानंतर काही जाहीर केलं नव्हतं आणि २००३ साली सरकारने १८० दिवसांची खास मुदत दिली होती तेव्हा वडिलांनीही नाही. मग जी वस्तू वडिलांकडेच कागदावर नव्हती ती 'वारसाने मिळाली' असं म्हणता येईल का? दोन वकिलांना विचारलं. एक म्हणाले झोपलेल्या कुत्र्याला कशाला डिवचता. दुसऱ्या म्हणाल्या मुदत आहे तोवर स्वतःहून गेलेला माणूस आणि मुदत गेल्यावर सापडलेला माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, प्रमाणपत्र मिळो न मिळो, हेतू कागदावर येतो.

निर्णय काकूंनी केला. त्या म्हणाल्या, 'जाहीर केला तर नेतील का?' मित्र म्हणाला, 'नेतीलही.' थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'चोरून पूजा नाही करायची मला.' झालं.

काय केलं

दिवस ७३ ला कामाला लागलो. जाहीर करताना मूर्ती घरात कधीपासून आहे याचा पुरावा पाहिजे होता. आणि इथे आमची मोठी चूक समजली. माळ्यावरच्या दोन ट्रंकांतली आजोबांची जमाखर्चाची बाडं पंधरा दिवसांपूर्वीच रद्दीत गेली होती, मोडीत होती, कोणाला वाचता येत नव्हती, किलोवर दिली. एक वही तेवढी वाचली होती, ती का, तर तिच्या पुठ्ठ्यावर कोणीतरी लाटण्याची फळी टेकवली होती.

मोडी वाचणारे एक निवृत्त गृहस्थ मिळाले. दोन संध्याकाळी ते वही घेऊन बसले, दळण, धुलाई, घोड्याची चंदी, वसुली असं चाललेलं, आणि मग शके १८५३ च्या यात्राखर्चात रामेश्वरच्या पुढे एक ओळ : अनंतशयन मुक्कामी हस्तिदंती वेणुगोपाळ मूर्ती १, रुपये २२. अनंतशयन म्हणजे आजचं तिरुअनंतपुरम, तेव्हाची त्रावणकोरची राजधानी, आपल्याकडची जुनी माणसं तेच म्हणायची. शके १८५३ म्हणजे १९३१-३२. मुकुटाच्या घडणीवरून दक्षिणेकडचा वाटला होता तो खरंच त्रावणकोरचा निघाला, मला काय आनंद झाला सांगू, जणू माझेच आजोबा जाऊन आले होते. ॲपवरच्या '१०० इयर्स प्लस'चं मात्र हसं झालं, खरेदी जेमतेम ९२ वर्षांपूर्वीची, आणि कोरून किती दिवस दुकानात पडला होता ते कोण सांगणार.

वहीला जोड म्हणून काकूंच्या लग्नानंतरचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो मिळाला, देवघरापुढे सत्यनारायण, मागे अंधुक मुरलीधर. त्याची मोठी प्रत काढली.

मग सुट्ट्या आडव्या आल्या. २८ ला अनंतचतुर्दशी, २९ ला ईदची सुट्टी, शनिवार-रविवार, २ ऑक्टोबर. पाच दिवस सलग कोणी भेटेना. मुदत ८ ऑक्टोबरला संपत होती आणि तो रविवार होता, म्हणजे खरं तर ६ लाच संपत होती. मित्राची झोप उडाली.

अर्जात एक जागा अडली. ॲपवरची जाहिरात लिहायची का? पहिले वकील म्हणाले वेडे आहात का. दुसऱ्या म्हणाल्या तुमचा निर्णय, पण मी असते तर लिहिलं असतं. मित्राने लिहिलं, एका वाक्यात, की घरातल्या मुलाने कायदा माहीत नसताना फोटो टाकला, दुसऱ्या दिवशी काढला, व्यवहार झाला नाही. हे बरोबर केलं का याबद्दल माझं मत अजून डळमळतं. दुसऱ्या कोणाला मी हा सल्ला डोळे झाकून देणार नाही, वकिलाला विचारा.

दिवस ८७, गुरुवार ५ ऑक्टोबर. उपवनसंरक्षकांच्या ऑफिसात अर्ज, चारही वारसांचं ॲफिडेव्हिट, मृत्यूचा दाखला, वहीच्या पानाची प्रत आणि लिप्यंतर, फोटो. वर एक प्रत नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावाने रजिस्टर पोस्टाने. आवक काउंटरवरच्या बाईंना असा अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा कळेना, त्यांनी तीनदा विचारलं 'तुम्हाला परत करायचाय का सापडलाय?' पण पोचेचा शिक्का आणि तारीख मिळाली, मित्राने त्याचा लगेच फोटो काढला.

निष्पत्ती

तीन आठवड्यांनी अधिकारी आणि दोन कर्मचारी आले. काकूंनी आधी चपला बाहेर काढायला लावल्या आणि मगच देवघर दाखवलं. पंचनामा झाला. उंची १८ सेंटीमीटर, वजन बैठक सोडून २४० ग्रॅम, दोन भेगा, एक जळका ठिपका, चांदीची बासरी. वर्णनात 'हस्तिदंतसदृश वस्तू' लिहिलं, मला ते आवडलं, तज्ज्ञाचं मत येईपर्यंत असंच लिहायला हवं. नमुना कापून घेतील अशी भीती होती, पण तळाचे जवळून फोटो घेण्यावर भागलं. ठिपका कशाचा विचारल्यावर धाकट्याने मान खाली घालून सांगितलं. जाहिरातीच्या वाक्यावर अधिकारी थांबले, भाच्याचा फोन मागितला, मेसेज वाचले आणि त्याचा लेखी जबाब घेतला. पोराला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मूर्ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायला दिल्याचं लिहून घेऊन, काकूंकडेच ठेवली. विकायची नाही, हलवायची तर आधी कळवायचं. नंतर दोन शंकांचं पत्र आलं, एक वहीच्या लिप्यंतराबद्दल, एक वारसांच्या संमतीबद्दल. दोन्हीला उत्तर दिलं. हे लिहीपर्यंत प्रमाणपत्र मिळालेलं नाही आणि नाकारलेलंही नाही. मिळालं तरी विकता येणार नाही हे आता सगळ्यांना पक्कं माहीत आहे, साडेतीन लाखांचं नाव कोणी काढत नाही. वाटणीच्या यादीत त्या ओळीसमोर किंमत '०' आणि पुढे 'आईकडे' असं लिहिलंय.

काय वेगळं करता आलं असतं

रद्दी. याच्यापुढे बाकी सगळं किरकोळ. मला पंधरा दिवस आधी बोलावलं असतं तर दोन ट्रंका वाचल्या असत्या. आता मी पहिल्या फोनलाच सांगतो, माळ्यावरच्या कागदांना हात लावू नका, मोडी असेल तर अजिबातच नाही. एका ओळीने या घराची बाजू उभी राहिली आणि ती ओळ लाटण्याच्या फळीमुळे टिकली, हा काही भरवशाचा उपाय नव्हे.

सुई तर नकोच होती. भिंग, दिवसाउजेड आणि तळाचा मोठा फोटो एवढ्यात निम्मं काम होतं. मीही एक चूक केली. मूर्ती बैठकीवरून काढायला नको होती, खुंटी जुनी होती, तुटली असती तर पंचनाम्यात अजून एक प्रश्न वाढला असता. अलगद निघाली हे नशीब.

९० दिवसांचं भान तेराव्यालाच यायला हवं होतं, पण तेराव्याला कोण कायद्याचं पुस्तक उघडतं? वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे, बँकेकडे जातोच आपण, त्याच फेऱ्यांत कोणीतरी देवघराकडे आणि दिवाणखान्यातल्या शिंगां-कातड्यांकडे एकदा बघून घ्यायला पाहिजे होतं. आणि २००३ ची मुदत. वडिलांनी पेपरात वाचलं असेल का? काकू म्हणतात त्यांना तो हाडाचाच वाटायचा. वर्षानुवर्षं घरात त्याला हाडाचा म्हणत आले आणि त्या नावानेच सगळ्यांना निर्धास्त ठेवलं.

सध्या

वाडा २०२४ मध्ये पडला. मूर्ती आधी लेखी कळवून गंगापूर रोडच्या फ्लॅटवर नेली, मित्र कारमध्ये मांडीवर घेऊन बसला होता. पाण्याचं मी काकूंना शेवटी सांगितलं, पाठीच्या भेगा आणि ताम्हणाचा हिरवा डाग दाखवला. बराच वेळ त्या डागावरून बोट फिरवत होत्या. म्हणाल्या, 'मीच केलं की रे हे.' मी म्हटलं, काकू, तुम्ही रोज हातात घेत होतात म्हणून तो इतकी वर्षं घरात राहिला, नाहीतर केव्हाच भंगारात गेला असता. पटलं की नाही माहीत नाही.

आता ताम्हणात पितळी बाळकृष्णाला स्नान घालतात. वेणुगोपाळ खिडकीपासून लांब, निरांजनाची धग लागणार नाही अशा कोनाड्यात, फक्त मऊ ब्रशने धूळ झटकायची, तेल बंद, अष्टगंध बैठकीला. बाळकृष्णाचं झालं की त्या तांब्या उचलून वेणुगोपाळासमोर धरतात, पाणी नुसतं दाखवतात आणि खाली ठेवतात.